उतर म्हणेपर्यंत

१

देवमन तायडेच्या फियाटला एक खोड होती. ती मागून, डाव्या अंगाला बसायची. दारात नुसती उभी असली तरी एका कुशीवर रेललेली दिसायची. बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत जो तो जाता-येता सांगायचा, "तायडेसाहेब, गाडी बसली तुमची." जसं काही देवमनला डोळेच नव्हते.

खरं तर त्याला हे ऐकून घेणं फार जड जायचं. त्याने सगळी नोकरी बडनेऱ्याच्या यार्डात रेल्वेचे डबे तपासण्यात घालवली होती. हातोडीचा एक ठोका मारला की चाक धड आहे की तडकलं, डब्याखालची स्प्रिंगची कमान ताठ आहे की थकली, हे त्याच्या कानाला कळायचं. अशा माणसाच्याच दारात बसकी गाडी, म्हणजे दिव्याखाली अंधार. पण गाडी जुनी होती, त्याची लाडकी होती, आणि लाडक्यांच्या खोडी माणूस पदरात घेतोच.

अडचण झाली ती भागीरथाच्या कंबरेच्या ऑपरेशननंतर. भागीरथा म्हणजे त्याची बायको. डॉक्टरांनी तिला रेल्वेच्या पायऱ्या चढायला बंदी केली. म्हणजे रेल्वेच्या भाकरीवर जगलेल्या घराला रेल्वेचाच रस्ता बंद. इकडे अकोल्याला त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, रश्मीला, मुलगी झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेही आईच्या दुखण्यामुळे सासरीच झालं. नात आता पालथी पडायला लागली होती आणि आजीने तिला अजून मांडीवर घेतलं नव्हतं. मोबाइलमध्ये तेवढी बघायची आणि मोबाइल पदराने पुसायची.

एकदा देवमन तिला फियाटमध्ये घेऊन निघाला होता. मागे डावीकडे, पाठीला उशी लावून ती बसली. ती तिची ठरलेली जागा. "बसली मी, चाला," असं तिने म्हटलं की मगच तो किल्ली फिरवायचा. पण मूर्तिजापूरच्या अलीकडेच वळणावर गाडीने असा झोल दिला, की भागीरथाच्या तोंडून "अगं माय" निघालं आणि ती पांढरीफटक पडली. तिथून ते परत फिरले. घरी आल्यावर त्याने नेहमीसारखं गाडीला वळसा घालून तिचं दार उघडलं, तळहात पुढे केला आणि म्हटलं, "उतर." तो म्हणेपर्यंत तिने उतरायचं नाही, हा डॉक्टरांचा नियम होता. त्याच्या हातावर सगळा भार टाकून ती उतरली, आणि उतरताना रडली. कंबरेसाठी नाही, नातीसाठी.

त्या दिवशी देवमनने ठरवलं, आता ह्या गाडीचा निकाल लावायचा.

२

गजेंद्रचं गॅरेज अमरावतीच्या रस्त्याला होतं. तो जुन्या गाड्यांचा शौकीन, आणि हात चालतील तेवढंच तोंडही चालणारा.

"भाऊ, नुसते शॉकअप बदलून काई होत नाई," तो म्हणाला. "गाडीचे चारी कोपरे एका मताचे पाह्यजे. तुमचा एक कोपरा वायलाच चालून राह्यला. मागचे स्प्रिंगचे पाटे नवे टाकू, गॅसचे शॉकअप लावू, सांध्याचे रबरी बुश सारे नवे. समोर जाड रॉड टाकतो, म्हंजे वळनावर झुलनार नाई."

काम उरकल्यावर त्याने दोघांनाही बोलावून घेतलं. ही त्याची पद्धत होती.

"रबराचे बुश गाडी हवेत ठेवून कसले तर ते पिळलेलेच राह्यते. गाडी जमिनीवर पाह्यजे, अन् तिच्यात घरचं वजन पाह्यजे. जो जिथं बसते, त्याले तिथंच बसवून कसतो मी. मंग गाडी त्या वजनाले वळखते." तो भागीरथाकडे वळला. "ताई, मी उतरा म्हनेपर्यंत हालाचं नाई बरं."

"मी काई पळून नाई चालली," भागीरथा म्हणाली, आणि हळूहळू मागच्या जागेवर टेकली. नवे पाटे कुरकुरले, गाडी किंचित दबली. "बसली मी."

देवमन पुढे स्टिअरिंगवर बसला. गजेंद्र खालच्या खड्ड्यात उतरला. पान्याचा आवाज येत राहिला. थोड्या वेळाने खालून त्याने सांगितलं, "भाऊ, समोरचं झालं. तुमी उतरा." देवमन उतरला आणि बाहेर निंबाखाली जाऊन उभा राहिला. तेवढ्यात रश्मीचा व्हिडिओ कॉल आला. नात आपल्याच पायाचा अंगठा तोंडात घालायच्या खटपटीत होती. देवमन हसत सुटला.

"मले दाखवा ना," शेजारून आवाज आला. भागीरथा त्याच्या खांद्याशी उभी होती.

"उतरली तू?"

"कवाची."

झालं असेल काम, असं त्याला वाटलं. नात गोड हसत होती, त्यामुळे पुढचा विचार राहून गेला. पण गॅरेजमध्ये खड्ड्यातून पान्याचा आवाज अजून येतच होता, आणि मधूनच गजेंद्र कुणाशी तरी काहीतरी बोलला.

३

येताना गाडी अशी आली, की देवमनला आपलं वय विसरायला झालं. वळण असो, खड्डा असो, उड्डाणपुलाचा सांधा असो, चारी कोपरे खरोखर एका मताचे झाले होते. आरशात मागे भागीरथा बाहेर बघत बसलेली दिसत होती. तिने एकदाही "हळू" म्हटलं नाही.

"दुखलं का?"

"नाई. काईच नाई झालं."

अकोल्याचा रस्ता मोकळा झाला, असं त्याच्या मनात आलं, आणि आनंदाने त्याचे डोळे भरून आले. दारात गाडी उभी करून तो नेहमीसारखा वळसा घालून तिच्या दाराशी गेला. मागची जागा रिकामी होती. भागीरथा घराच्या पायरीवर उभी राहून कुलूप उघडत होती.

"अवं, मी म्हनेपर्यंत थांबत जा ना," तो म्हणाला.

"आता काई गरज नाई," ती म्हणाली आणि आत गेली.

तिला बरं वाटत होतं, यात रागावण्यासारखं काय होतं? तो गाडीकडे कौतुकाने बघत मागे सरला. आणि थांबला. डावीकडचं मागचं चाक मडगार्डात शिरलेलं होतं. उजवीकडे त्याची वीत आरामात जात होती. डावीकडे चार बोटं जाईनात.

गाडी अजून बसलेली होती.

रबर नवं आहे, त्याने स्वतःला समजावलं. वजन ठेवून कसलं की वजन काढल्यावरही थोडा वेळ तसंच राहतं. सकाळपर्यंत वर येईल. डब्यांच्या कमानी असं करत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, पण डबा वेगळा आणि फियाट वेगळी.

सकाळी गाडी तशीच होती. भागीरथा आपली उशी आत राहिली म्हणून घ्यायला गेली. देवमन अंगणात दात घासत उभा होता. ती मागचं दार उघडून आत शिरली, जागेवर चांगली टेकली, उशी शोधली आणि बाहेर आली.

पाटे कुरकुरले नाहीत. गाडी केसभरही हलली नाही.

तोंडातला ब्रश तसाच धरून तो किती वेळ उभा होता कोण जाणे. मग त्याने स्वतः आत बसून पाहिलं. गाडी दबली. उतरला, वर आली. पण तेवढीच, मूळच्या बसकेपणापर्यंत. शेजारच्या पंजाबरावांना बसवून पाहिलं. तेच झालं.

"बिघाड आहे का काई?" पंजाबरावांनी विचारलं.

"कळत नाई," देवमन म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं.

४

पडवीवजा छपरीत एक बंगई होती. लाकडी फळीचा, साखळ्यांचा झोपाळा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी देवमनने तो टांगला होता. भागीरथा त्यावर बसली की उजवी कडी किर्र करायची. घरात कुठेही असला तरी त्या किर्रवरून त्याला कळायचं, ती आता बसली, आता उठली. कडीला तेल घालायचं त्याने मुद्दाम टाळलं होतं.

एका दुपारी तो छपरीत आला तेव्हा भागीरथा बंगईवर बसून मेथी निवडत होती. बंगई पुढे-मागे होत होती. कडी गप्प होती.

"तेल घातलं का तू कडीले?"

"नाई तं."

तो स्टूल घेऊन चढला. कडी कोरडीठाक, गंजलेली. त्याने हाताने फळी दाबली. किर्र.

भागीरथा त्याच्याकडे बघून हसली. तिच्या हसण्यात वावगं काही नव्हतं, तेच डोळे, दाताची तीच फट. मग हे आपल्यालाच काय होऊन राहिलं आहे? ऑपरेशननंतर ती वाळली होती, हे खरं. वाळलेल्या माणसाचं वजन कमी होतंच. पण त्यांच्या जुन्या गादीला मध्ये खळगा होता, आणि भागीरथा आडवी झाली की तो आपोआप तिच्याकडे घरंगळायचा. सगळा संसार त्याने त्या घरंगळण्याबद्दल तक्रार करण्यात काढला होता. आता तो आपल्या कडेला सरळ झोपत होता.

आणि ती बरी होती. हे सगळ्यात विचित्र. पाण्याची बादली उचलायची, वाकून झाडायची, एकदाही कंबरेवर हात ठेवायची नाही. पोळ्याही ती आता वेगळ्या करत होती. पातळ, गोल, सगळ्या अगदी एकसारख्या, एकीवरही डाग नाही. आधीच्या तिच्या पोळ्या जाडसर असायच्या आणि एका बाजूने थोड्या करपलेल्या, कारण तिचं लक्ष तव्यावर कमी आणि बोलण्यात जास्त असायचं.

"आई किती बरी दिसते, बाबा," रश्मी फोनवर म्हणाली. "कवा येता मंग? मी वाट पाहून राह्यली."

"येतो," देवमन म्हणाला. "गाडीचं थोडं राह्यलं आहे."

"काय राह्यलं?"

बायको बरी झाली म्हणून मला भीती वाटते, असं लेकीला कसं सांगायचं? त्याची त्यालाच लाज वाटली. पण त्या घरात त्याला आता एकटं वाटत होतं, हे मात्र खरं होतं.

५

काही दिवसांनी तो एकटाच गजेंद्रकडे निघाला. भागीरथा घरी मेथीचे पराठे करत होती, दारातून निघताना त्याने तिला डोळ्यांनी पाहिलं होतं.

गाडीत तो पुढे उजवीकडे एकटा. एका माणसाने गाडी एका अंगाला कलायला हवी. ती कलत नव्हती. वळणावर ती अशी तोलून वळत होती, की मागच्या डाव्या कोपऱ्यात कुणी बसलं असेल तेव्हाच गाडी तशी वळते. त्याने आरशात पाहिलं. जागा रिकामी होती. पण गादीच्या डाव्या अंगाला खोलगट दबलेलं होतं, आणि त्याच्या कडेने रेक्झिनला सुरकुत्या पडल्या होत्या.

जुनी गादी आहे, तो मनाशी म्हणाला. जुन्या गाद्या दबतात.

पुलाच्या सांध्यावर त्याचं लक्ष चुकलं आणि चाक आपटलं.

"अगं माय," मागून आवाज आला.

हळूच आला, दाबून धरलेला, समोरच्याला कळू नये म्हणून दात आवळून सोडलेला. असा आवाज जगात एकाच बाईचा होता. देवमनने गाडी कडेला घेतली. मागे वळून बघायला त्याची मान तयार होईना. आरशात बघितलं तर जागा रिकामीच. मात्र खोलगट भागाच्या सुरकुत्या आता वेगळ्या दिशेला होत्या, बसल्या बसल्या कुणी कूस बदलावी तशा.

उरलेला सगळा रस्ता त्याने गाडी अंड्यांची टोपली न्यावी तशी नेली.

गजेंद्रने खड्ड्यात उतरून सगळं तपासलं. "भाऊ, काम एक नंबर आहे. पाटा धड, बुश धड. वजन असन तं गाडी दबनच."

"वजन नाई ना पन आत."

गजेंद्रने डोकं वर काढून रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि कपाळावरचा घाम पुसला.

"त्या दिवशी," देवमन म्हणाला, "ती मधातच उतरली होती. शेवटचे बोल्ट तू रिकाम्या गाडीवरच कसले."

"कोन उतरलं? ताई?" गजेंद्र हसला. "नाई भाऊ. मी खालून इचारलं ना, ताई, बसल्या हाय का? म्हने, बसली हाय बाबा, तू कर तुझं काम. एकदम शेवटपर्यंत होत्या. मले तं वरून त्यायचा कन्हन्याचा आवाज येत होता. वाईटबी वाटलं."

"ती माझ्याजवळ होती. निंबाखाली."

"मंग मी कोनाशी बोललो?"

रस्त्यावरून एक ट्रक गेला. गजेंद्रने उगाच हातातला पाना पुसला.

"मी उतरा म्हनलं नाई त्यायले, हे खरं," तो शेवटी म्हणाला. "वरतं आलो तं तुमी दोघं निंबाखाली होते. म्हनलं, उतरल्या वाटते. भाऊ, बोल्ट ढिले करून पाहू का?"

"नाई," देवमन इतक्या घाईने म्हणाला, की त्याचा त्यालाच आवाज अनोळखी वाटला. "हात नोको लावू."

६

संध्याकाळचं ऊन अंगणात तिरपं पडलं होतं. देवमन गाडी बंद करून स्टिअरिंगवर तसाच बसून राहिला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून भागीरथाची हालचाल दिसत होती. ती गुणगुणत होती. तिला काही दुखत नव्हतं. उद्या म्हटलं तर ती अकोल्याला येईल, नातीला मांडीवर घेईल, वाकून तिची दुपटी धुईल. हेच तर त्याला हवं होतं. आता आपण जे करणार, त्याने ते सगळं हातचं जाईल, हे त्याला कळत होतं. यात शहाणपण किती, हे मात्र कळत नव्हतं. पण ती पांढरीफटक पडलेली, दात आवळलेली बाई किती दिवसांपासून उन्हातान्हात ह्या पत्र्याखाली बसून आहे, हे एकदा मनात आल्यावर त्याला राहवेना.

तो उतरला. गाडीला वळसा घातला. मागचं डावं दार उघडलं आणि तळहात पुढे केला.

"उतर वं, भागीरथा," तो म्हणाला. "घर आलं."

आधी काहीच झालं नाही. मग त्याच्या तळहातावर भार आला. ऊबदार, ओळखीचा, सगळाच्या सगळा. त्याचं कोपर त्या भाराने खाली गेलं. पाटे कुरकुरले, गाडी मागून वर उचलली गेली, आणि हातावर काही उरलं नाही.

आतलं गुणगुणणं थांबलं आणि छपरीत बंगईची कडी किर्र करून वाजली.

देवमन धावला. भागीरथा बंगईवर बसलेली होती, एक हात कंबरेवर, चेहरा वेदनेने आक्रसलेला, केस घामाने कपाळाला चिकटलेले. साखळ्या ताणलेल्या होत्या.

"किती येळ बसवता मानसाले," ती म्हणाली. "कंबरेचा पार भुगा झाला. तुमी उतर म्हननच, उतर म्हननच, म्हनून थांबली."

तो तिच्या पायाशी खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात जड होता. तेवढ्यावरच सगळं संपलं असतं तर किती बरं झालं असतं.

"तहान लागली," म्हणत ती भिंत धरून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. माठावरची झाकणी वाजली. मग आतून काहीच आवाज येईना. देवमन डोळे पुसून उठला, तोवर ती दारात आली. तिच्या हातात पोळ्यांचा डबा होता, झाकण उघडं.

"ह्या पोया कोनं केल्या?"

"तू," तो म्हणाला. "तूच केल्या."

"मी?" ती डब्यात बघत होती. पातळ, गोल, अगदी एकसारख्या पोळ्या, एकीवरही डाग नाही. "मी तं आत्ताच उतरली. कोन होतं घरात? अन् तुमी... तुमी खाल्ल्या ह्या?"

त्याने डब्यात पाहिलं. गेल्या कित्येक जेवणांचे घास एकदम त्याच्या तोंडात आले, आणि त्यांना चवच नव्हती, हे त्याला आत्ता आठवलं. अंगणाकडे त्याची पाठ होती. फियाटचं मागचं दार आपण उघडंच ठेवून आलो, हेही त्याला आत्ताच आठवलं.

बाहेर दार लागल्याचा आवाज झाला. पाटे कुरकुरले नाहीत. गाडी दबल्याचा आवाजच आला नाही.

भागीरथा त्याच्यासमोर उभी होती, डबा छातीशी धरून, ओठ घट्ट मिटून. आणि अंगणातून तिच्याच आवाजात, कुठलंही दुखणं नसलेल्या, हसऱ्या आवाजात कुणीतरी म्हणालं,

"बसली मी. चाला."